बारा पेरांवर मोजत ऐका: ब्लूज, जॅझ, रॉक अँड रोल आणि सोल कानात बसवायची घरगुती पद्धत

जुनं अमेरिकन संगीत ऐकायचंय पण सुरुवात कुठून करू, असं मला बरेच जण विचारतात. बहुतेकांनी तोवर नेटवरून शंभर महान अल्बमची यादी काढलेली असते, ती पहिल्या नंबरापासून लावायला घेतात आणि चौथ्या दिवशी सोडून देतात. मीही असंच केलं होतं. सगळे म्हणतात म्हणून थेट जॅझचा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस लावला, छान वाटलं, पण आत काय चाललंय ते काहीच कळेना, त्यामुळे दोन वर्षं परत त्या वाटेला गेले नाही. मग एकदा कुणीतरी ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या जुन्या गाण्याची, बारा बारची (बार म्हणजे चार ठोक्यांचा एक गट) रचना समजावली, आणि त्याच रात्री स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता माझ्या लक्षात आलं की बारा म्हणजे तर एका हाताची पेरं! तेव्हापासून मी ज्यांना ज्यांना शिकवलं त्यांना असंच शिकवलं, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे कान उघडलेले मी स्वतः पाहिलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

आधी हात. उजवा हात समोर धरा, तळवा स्वतःकडे. अंगठा सोडला की चार बोटं उरतात, प्रत्येक बोटाला तीन पेरं, म्हणजे बारा. जप करताना आपण अंगठ्याने पेरं मोजतोच, इथे फक्त क्रम बदलायचा. एका बोटावर वरून खाली न जाता आडवं जायचं. तर्जनीचं वरचं पेर, मग मधल्या बोटाचं वरचं, अनामिकेचं वरचं, करंगळीचं वरचं, ही झाली पहिली ओळ. मग परत तर्जनीवर येऊन मधली चार पेरं, ही दुसरी. मग खालची चार, ही तिसरी. प्रत्येक पेरावर पायाने चार ठोके मोजायचे, एक-दोन-तीन-चार की पुढचं पेर. बारा पेरं संपली की एक आवर्तन पूर्ण, अट्ठेचाळीस मात्रांचं, आणि पुन्हा तर्जनीचं वरचं पेर, तीच सम समजा.

आडवं कशासाठी, तर ब्लूजमध्ये शब्दही असेच बसवलेले असतात. एक ओळ म्हणतात, तीच ओळ परत म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत त्याचं उत्तर देतात. तीन ओळी, प्रत्येकीला चार बार, म्हणजे तुमच्या हातावरची एक आडवी रांग म्हणजे गाण्याची एक ओळ. एवढं लक्षात ठेवलं तर इंग्लिश शब्द एकही नाही कळला तरी गाणारा कुठे पोचलाय ते हातावर दिसतं.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी पुढचं वाजवूनच बघा, नसेल त्यांनी नुसतं वाचा. या बारा पेरांत कॉर्ड तीनच असतात आणि त्या सा, म आणि प वर उभ्या असतात. सा ची कॉर्ड म्हणजे सा-ग-प एकदम दाबायचं, म ची म-ध-सां, प ची प-नि-रें. वरची रांग पूर्ण सा. मधल्या रांगेत पहिली दोन पेरं म, नंतरची दोन परत सा. खालच्या रांगेत पहिल्या पेरावर प, दुसऱ्यावर म, आणि शेवटची दोन सा. झालं. जगातली हजारो गाणी एवढ्यावर उभी आहेत. काही गाण्यांत थोडा फरक असतो, म्हणजे दहाव्या पेरावर म न येता प च चालू राहतो किंवा दुसऱ्याच पेरावर एकदा म डोकावून जातो, पण एकदा कानाला सवय झाली की ते फरक त्रास देत नाहीत, उलट त्यातच मजा येते.

माझी आई भजनी मंडळात पेटी वाजवते. तिला मी हे सांगितलं तर तिने दोन मिनिटांत तिन्ही कॉर्ड धरल्या, पण म्हणाली, "अगं हे गाणारे गंधार कोमल लावतात की शुद्ध, मला पेटीवर सापडेना." आणि हाच या संगीताचा प्राण आहे. खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजतोय आणि वर गाणारी व्यक्ती कोमल आणि शुद्धच्या मधल्या कुठल्यातरी जागेवरून तो ओढत नेतेय. त्यांच्याकडे त्याला ब्लू नोट म्हणतात. पियानोवाल्यांना ती जागा मिळत नाही म्हणून ते दोन पट्ट्या घासून वाजवतात, गिटारवाले तार ओढतात. श्रुतींची जाण असलेल्या आपल्या कानाला हे समजायला अजिबात वेळ लागत नाही.

आता पहिलं गाणं. बेसी स्मिथने गायलेलं सेंट लुईस ब्लूज, १४ जानेवारी १९२५ ला न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड झालेलं. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने हे गाणं १९१४ मध्येच छापलं होतं आणि पुढे शेकडो लोकांनी गायलं, पण तुम्ही हेच लावा. एकतर ते इतकं संथ आहे की पेरं मोजायला भरपूर वेळ मिळतो. दुसरं म्हणजे साथीला फक्त दोघं, कॉर्नेटवर, म्हणजे छोट्या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर, तेव्हा तेवीस वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग आणि फ्रेड लाँगशॉ, जो पियानो नाही तर चक्क हार्मोनियम वाजवतोय, पायाने भाता मारायचा ऑर्गनसारखा प्रकार. आईला ऐकवलं तेव्हा पहिल्याच सुराला ती म्हणाली, ही तर पेटी. शिकागो-न्यूयॉर्कच्या त्या जगाशी तिचं नातं त्या क्षणी जुळलं, नंतर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

हे ऐकताना एका रांगेची चार पेरं नीट बघा. पहिल्या दोन पेरांत बेसी ओळ गाते आणि थांबते, पुढच्या दोन पेरांत आर्मस्ट्राँग कॉर्नेटवर तिला उत्तर देतो. परत ती, परत तो. तिचं वाक्य कसं संपलं त्यावर त्याचं उत्तर ठरतं, कुठे तो तिचाच शेवटचा सूर उचलून पुढे नेतो, कुठे नुसता उसासा टाकतो. तेव्हा मायक्रोफोनसुद्धा नव्हता, भोंग्यासमोर उभं राहून गायचं, त्यामुळे खरखर भरपूर आहे, पण तिच्या आवाजाचं वजन त्या खरखरीतूनही अंगावर येतं. दोन आवर्तनं बारा पेरांची होतील, मग मध्ये सोळा बारांचा एक वेगळाच तुकडा येतो, तिथे मोजणं सोडून द्या आणि शेवटच्या कडव्याला परत पकडा. तिसऱ्या-चौथ्या वेळी आपोआप जमतं. बेसी १९३७ मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात गेली आणि तिच्या थडग्यावर १९७० पर्यंत साधा नावाचा दगड नव्हता. ज्या बाईने १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपनीला भरभरून पैसा मिळवून दिला तिच्या बाबतीत हे घडलं, आणि पुढे बघाल तर असं ती एकटीच नाहीये.

दुसरी सवय टाळीची. आपल्याला लहानपणापासून समेवर टाळी द्यायची सवय, त्यामुळे हे संगीत लागलं की हात आपोआप एक आणि तीनवर पडतात, आणि मग गाणं ओढल्यासारखं वाटतं. इथे टाळी दोन आणि चारवर आहे, बॅकबीट म्हणतात तिला. पाय एक आणि तीनला, टाळी दोन आणि चारला, असं दोन मिनिटं कोऱ्या हवेतच करून बघा, मग ग्रीन अनियन्स लावा. १९६२, मेम्फिस, बुकर टी अँड द एमजीज. शब्दच नाहीत त्यामुळे लक्ष विचलित होत नाही, ऑर्गनवर तेव्हा सतरा वर्षांचा बुकर टी. जोन्स, गिटारवर स्टीव्ह क्रॉपर, ड्रमवर अल जॅक्सन, आणि सगळं बारा पेरांत चोख बसलेलं. पेटीवाल्यांसाठी सांगते, पांढरी चार सा धरा. स्टॅक्स कंपनीचा तो स्टुडिओ म्हणजे एक जुनं सिनेमा थिएटर होतं, जमिनीचा उतार तसाच ठेवलेला, आणि ज्या मेम्फिसमध्ये काळ्या आणि गोऱ्या माणसांना एका टेबलावर जेवता येणं मुश्किल होतं तिथे हे लोक एका खोलीत रोज एकत्र वाजवायचे. अल जॅक्सनच्या टाळीवर, म्हणजे स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमच्या ठोक्यावर, एक आठवडा राहा. खरंच सांगते, एकच गाणं एक आठवडा. दहा गाणी एकेकदा ऐकण्यापेक्षा एक गाणं दहादा ऐकण्यात जास्त हाती लागतं.

आणि हो, मोबाईलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. बेस, म्हणजे खालचे जाड सूर, त्यात येतच नाही, आणि या संगीताचा निम्मा जीव बेसमध्ये असतो. साधे वायरवाले इयरफोन चालतील, महागाचं काही नको.

टाळी जमली की सिस्टर रोझेटा थार्पचा व्हिडिओ शोधा, १९६४ मधला, मँचेस्टरमधल्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनवरचा. प्रेक्षक एका प्लॅटफॉर्मवर आणि कलाकार समोरच्या प्लॅटफॉर्मवर, नुकताच पाऊस पडून गेलेला, ही बाई अंगात लांब कोट घालून येते, गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि पावसावरचंच एक भजन सुरू करते. भजनच म्हणते मी त्याला, कारण ते चर्चचंच गाणं आहे. रोझेटा १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मली, आई प्रवचनं करायची, पोर तिच्याबरोबर गावोगाव गात-वाजवत फिरायची. १९३८ पासून तिच्या रेकॉर्ड्स निघत होत्या, रॉक अँड रोलचा गिटारवाला चक बेरी याची पहिली रेकॉर्ड यायच्या सतरा वर्षं आधी. तिचं १९४४ मध्ये रेकॉर्ड झालेलं स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे ऐका आणि मग पन्नासच्या दशकातलं कुठलंही रॉक अँड रोल ऐका, मग कोण आधी होतं हा प्रश्न उरत नाही. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला मात्र तिची आठवण २०१८ मध्ये झाली, ती जाऊन पंचेचाळीस वर्षं झाल्यावर. आणि हिच्याही थडग्यावर कित्येक वर्षं दगड नव्हता. मला याचा राग येतो आणि येत राहणार.

रॉक अँड रोलकडे येताना एक नाव पाठ करा, अर्ल पामर. न्यू ऑर्लीन्सचा ड्रमर. १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनोच्या द फॅट मॅन या गाण्यात त्याने बॅकबीट पहिल्यापासून शेवटपर्यंत जोरात धरून ठेवला, तोवर बहुतेक जण तो शेवटच्या आवर्तनाला रंग भरायला वापरायचे. सहा वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, त्याच जे अँड एम स्टुडिओत लिटल रिचर्ड आला आणि टुटी फ्रुटी झालं. आता इथे एक बारीक गोष्ट कानाने पकडायची आहे. जुन्या ब्लूजमध्ये आणि जॅझमध्ये एका ठोक्याचे आत तीन भाग असतात, आपल्या दादऱ्यासारखा झोका असतो त्याला, ते त्याला शफल किंवा स्विंग म्हणतात. लिटल रिचर्डचा पियानोवरचा उजवा हात मात्र सरळ दोनच भाग करत, हातोडा मारल्यासारखा, टक-टक-टक-टक चाललेला असायचा. पामरला त्या हाताशी जुळवून घेताना शफल सोडून सरळ वाजवावं लागलं, हे त्यानेच नंतर सांगितलंय. दादऱ्याचा केरवा झाला म्हणा ना! ज्याला आपण रॉकचा ठेका म्हणतो तो असा एका पियानोवाल्याच्या हट्टी उजव्या हातातून आणि एका ड्रमरच्या समजूतदारपणातून आला. टुटी फ्रुटी मोजताना सुरुवातीची ती निरर्थक अक्षरांची आरोळी सोडून द्या, बँड आला की तर्जनीचं वरचं पेर. कडव्याच्या अकराव्या-बाराव्या पेरावर बँड गप्प होतो आणि तीच आरोळी परत येते, तेव्हा बरोबर करंगळीच्या बाजूला असाल तर समजा जमलं.

इथे एक सावधगिरी. लिटल रिचर्ड काय किंवा चक बेरी काय, दोघांनीही आपली गाजलेली गाणी साठच्या दशकात दुसऱ्या कंपन्यांसाठी परत रेकॉर्ड केली, आणि ॲपवर शोधलं की बरेचदा तीच वर येतात. ती वाईट आहेत असं नाही पण त्यात ती आग नाहीये. गाण्याखालचं साल आणि कंपनी बघा, लिटल रिचर्डचं १९५५ ते ५७ मधलं स्पेशल्टी कंपनीचं हवं, चक बेरीचं चेस कंपनीचं. साल दिलेलं नसेल आणि आवाज संशयास्पद चकाचक, दोन्ही कानात वेगवेगळा येत असेल, तर बहुतेक नंतरचं आहे, पुढे शोधा.

चक बेरीचं १९५८ चं जॉनी बी. गुड तुम्हाला माहीतच असेल, ते लावा आणि मोजा, पेटीवर काळी पाच. या गाण्याची एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड पाठवली त्यात हे गाणं आहे. त्याच तबकडीवर लुई आर्मस्ट्राँगचं मेलँकली ब्लूज आहे, आंधळ्या ब्लाइंड विली जॉन्सनचं नुसतं गुणगुणणं आणि गिटार आहे, आणि आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, जात कहाँ हो, आहे. म्हणजे ही मंडळी आज ग्रहांच्याही पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात एकमेकांच्या शेजारी आहेत. त्या चारही रेकॉर्ड्स एका संध्याकाळी पाठोपाठ लावून बघा, फार वेगळंच वाटतं.

एल्विसबद्दल विचाराल तर जरूर ऐका, पण जोडीने ऐका. हाउंड डॉग त्याने १९५६ मध्ये गायलं, बिग मामा थॉर्नटनचं १९५३ मध्ये आलं होतं आणि काळ्या श्रोत्यांच्या चार्टवर सात आठवडे पहिलं होतं. त्यातून तिला सगळे मिळून ५०० डॉलर मिळाले असं ती सांगायची. एल्विसने आपण कुणाकडून शिकलो ते लपवलं नाही, पण पैसा कुणाकडे वाहिला ते चार्टवरून कळतंच. आधी तिचं ऐका, तिच्या आवाजात गुरगुर आहे, बाई खरोखर एका निकम्म्या पुरुषाला घराबाहेर काढतेय, मग त्याचं ऐका. तुम्हाला कुठलं आवडेल ते तुमचं तुम्ही ठरवा, मला तिचंच आवडतं.

आता हात तयार झालाय, तर परत मागे जाऊ, २८ जून १९२८, शिकागो, वेस्ट एंड ब्लूज, लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचे हॉट फाइव्ह. ही सव्वातीन मिनिटं मी इतक्यांदा ऐकलीत की आता झोपेतही मोजता येतील. सुरुवातीला मोजू नका, तिथे ताल नाही. एकटा ट्रम्पेट, बारा-पंधरा सेकंद, आधी चार ठाशीव सूर आणि मग वर चढत जाऊन वरून गडगडत खाली, आपल्या आलाप-तानेसारखं मुक्त. बँडची कॉर्ड आली की श्वास घ्या आणि पहिलं पेर धरा, पेटीवाल्यांनी काळी दोन सा. पहिलं आवर्तन ट्रम्पेटचं. दुसरं ट्रॉम्बोनचं, मागे ड्रमर झुटी सिंगल्टन लाकडावर टपटप करतोय. तिसऱ्यात क्लॅरिनेट एक वाक्य बोलतो आणि आर्मस्ट्राँग तोंडाने, शब्दांशिवाय, इतक्या हळुवारपणे उत्तर देतो की खोलीत कुणी झोपलेलं असावं असं वाटतं. हे उत्तर देणं तुम्ही बेसीच्या गाण्यात ऐकलंय, फक्त आता दोन्ही बाजूंना शब्द नाहीत. चौथं अर्ल हाइन्सचा पियानो. आणि पाचवं. पाचव्याच्या पहिल्या पेरावर आर्मस्ट्राँग वरचा पंचम लावतो आणि सोडतच नाही. अंगठा तर्जनीवरून मधल्या बोटावर जातो, अनामिकेवर जातो, सूर तिथेच, न हलता, न थरथरता, करंगळी संपते तेव्हा कुठे तो सुटतो आणि पुढे सुरांचा धबधबा. वरची अख्खी रांग एका सुरात. मोजत नसाल तर तो फक्त एक लांब सूर आहे, मोजत असाल तर तुमचा स्वतःचा श्वास अडकतो. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता, न्यू ऑर्लीन्सच्या अतिशय गरीब वस्तीतून आलेला, लहानपणी सुधारगृहात कॉर्नेट शिकलेला. या माणसानंतर जॅझ म्हणजे सगळ्यांनी एकदम वाजवायचं संगीत राहिलं नाही, एकट्याने उभं राहून आपली गोष्ट सांगायचं संगीत झालं.

आणि ही गोष्ट मुंबईपासून लांब नव्हती. १९२६ मध्ये शिकागोत अर्स्किन टेटच्या ऑर्केस्ट्रात आर्मस्ट्राँगबरोबर रेकॉर्ड केलेला पियानोवाला टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने गेला. त्या काळात मुंबईतल्या गोवेकर वादकांनी हे संगीत मन लावून आत्मसात केलं, त्यांच्यातला ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट, त्याला लोक भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर काम करायचा. १९५७ च्या आशा सिनेमातलं ईना मीना डीका लावा आणि दोन-चारवर टाळी देऊन बघा.

पुढचा टप्पा सोल, आणि इथे रे चार्ल्स. १९५९ चं व्हॉट'ड आय से. डान्सच्या कार्यक्रमात ठरलेली गाणी संपली आणि वेळ उरला, म्हणून त्याने इलेक्ट्रिक पियानोवर एक तुकडा सुरू केला आणि कोरसच्या मुलींना सांगितलं मी म्हणेन ते मागून म्हणा. लोक इतके पेटले की नंतर तेच रेकॉर्ड केलं, सहा मिनिटांच्या वर गेलं म्हणून रेकॉर्डच्या दोन बाजूंना अर्धं-अर्धं टाकावं लागलं. बारा पेरांतच आहे, मोजा. उत्तरार्धात बुवा म्हणतो आणि टाळकरी उचलतात तसं सुरू होतं, फक्त बुवा देवाचं नाव न घेता भलतंच काही सुचवतोय, म्हणून काही रेडिओ स्टेशन्सनी ते लावायचं नाकारलं. चर्चची गायकी आणि संसाराचे विषय, ही जोडी त्याने १९५४ मध्येच आय गॉट अ वुमनमध्ये लावली होती आणि चर्चवाल्यांचा रोष ओढवून घेतला होता.

सॅम कुकही चर्चमधूनच आला. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टला त्याला आणि त्याच्या माणसांना हॉटेलने खोली नाकारली, वर पोलिसांनी अटकही केली. काही आठवड्यांतच त्याने अ चेंज इज गॉना कम लिहिलं, जानेवारी १९६४ मध्ये रेकॉर्ड केलं, डिसेंबरात तो गोळी लागून गेला आणि त्यानंतर त्याची सिंगल बाजारात आली. यात बारा पेरं नाहीत. ठेका परत दादऱ्याचा संथ झोका आहे, तो धरा आणि नुसतं ऐका.

पेरं संपली की काय करायचं हे आता ओघाने आलंच. जेम्स ब्राऊनच्या १९६५ च्या पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅगपर्यंत बारा पेरं चालतात, पण तिथे आधीच सगळा भार पहिल्या ठोक्यावर यायला लागलाय, तो त्याला द वन म्हणायचा. १९६७ च्या कोल्ड स्वेटमध्ये कॉर्ड जवळजवळ बदलतच नाही, बँडमधला प्रत्येक जण, गिटारवालासुद्धा, ढोल वाजवल्यासारखा वाजवतो. आपली सम शोधायची सवय इथे परत कामाला येते.

मोटाउनसाठी बेस ऐका. बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन डेट्रॉइटमध्ये ही कंपनी काढली, आणि तिच्या बहुतेक हिट गाण्यांखाली जेम्स जेमर्सनचा बेस आहे, उजव्या हाताच्या फक्त एका बोटाने वाजवलेला. माय गर्लची सुरुवात त्याच्याच बेसने होते, वर रॉबर्ट व्हाइटची गिटार जे चढते सूर वाजवते ते म्हणजे भूपाचेच, सा रे ग प ध सां, गाऊन बघा. या वादकांची नावं कंपनीने १९७१ च्या गायक मार्विन गेच्या अल्बमपर्यंत कव्हरवर छापलीच नाहीत.

अरीथा फ्रँकलिनसाठी मात्र एक अख्खी संध्याकाळ ठेवा. रिस्पेक्ट आधी ओटिस रेडिंगचं ऐका, १९६५. कामावरून दमून आलेला नवरा बायकोला म्हणतोय, घरी आल्यावर तरी जरा मान दे. मग अरीथाचं, १४ फेब्रुवारी १९६७, न्यूयॉर्क. शब्द थोडेच बदललेत पण आता बाई बोलतेय, आणि ती विनवत नाहीये. इंग्लिशची एकेक अक्षरं उच्चारून तो शब्द सांगायची जी जागा सगळ्या जगाला पाठ आहे ती ओटिसच्या गाण्यात नव्हतीच, ती हिने घातली. मागे कोरसमध्ये तिच्या सख्ख्या बहिणी आहेत आणि पियानोवर ती स्वतः. बहिणी ज्या तडफेने मागून बोलतात ते तीन-चार जणी ओसरीवर बसून एखाद्या नवऱ्याचा विषय काढतात तसं आहे. दोन्ही पाठोपाठ, तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त ड्रम, दुसऱ्यांदा फक्त बहिणी, तिसऱ्यांदा अरीथा.

हे सगळं महिना-दीड महिना झालं की मगच अवघड म्हणतात त्या जॅझकडे जा. चार्ली पार्करचं नाउज द टाइम, १९४५, आणि माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या काइंड ऑफ ब्लूमधलं फ्रेडी फ्रीलोडर. दोन्ही बारा पेरांची आहेत. मी पहिल्या वेळी जिथे अडले होते तो दरवाजा हाच, आणि परत आले तेव्हा फ्रेडी फ्रीलोडरमध्ये विंटन केलीचा पियानो सुरू झाला आणि अंगठा आपसूक पेरावर गेला.

शेवटी एक व्हिडिओ बघाच. डिसेंबर १९५७, अमेरिकन टीव्हीवरचा द साउंड ऑफ जॅझ हा कार्यक्रम, बिली हॉलिडे स्वतःचंच फाइन अँड मेलो गातेय, संथ बारा पेरांचं. भोवती अर्धवर्तुळात त्या काळातले मोठमोठे वादक, त्यात लेस्टर यंग. तरुणपणी तिच्या कित्येक रेकॉर्ड्समध्ये तो तिच्या आवाजामागे सॅक्सोफोन वाजवायचा, तिला लेडी डे हे नाव त्यानेच दिलं, तिने त्याला प्रेझ. पुढे दोघं दुरावले, आणि १९५७ पर्यंत दोघांच्याही तब्येती पार ढासळल्या होत्या. दोन वर्षांच्या आत दोघंही गेले, मार्च १९५९ मध्ये तो, जुलैत ती. तिचं पहिलं आवर्तन मोजा, मग बेन वेबस्टरचा सोलो होऊ द्या. तो संपला की लेस्टर यंग उभा राहतो, अंगठा तर्जनीच्या वरच्या पेरावर ठेवा. तो एकच आवर्तन वाजवतो, अगदी मोजके सूर, मध्ये मोकळ्या जागा. पायाने ठोके मोजत राहा पण डोळे तिच्या चेहऱ्यावर ठेवा.